माझ्याशिवाय वळलेली गाडी

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं असलं तरी ओळखलं नसेल. जीपगाडीचं बॉनेट उघडल्यावर सगळ्यांची नजर इंजिनावर जाते. त्याच्या कडेला चिकटून बसलेला, तेलाने काळा पडलेला लोखंडी गोळा मात्र कुणी बघत नाही. तो गोळा म्हणजे मी. पॉवर स्टिअरिंगचा एक जुना पंप. इंजिन सुरू झालं की पट्ट्यावर फिरायचं, तेलाला जोर द्यायचा आणि चालकाच्या हातातलं स्टिअरिंग फुलासारखं हलकं करायचं, हे माझं काम. या कामाचा मला भारी गर्व होता. गर्वाच्या पाठोपाठ हेवा कसा घरात शिरतो, ते मला फार उशिरा कळलं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. भट्टी, साचा, घासणं, तपासणं हे सगळं सोसून मी एका नव्या जीपमध्ये बसलो आणि मुरबाड तालुक्यात आलो. गाडी घेतली ती म्हसा गावाजवळच्या धाऊबाबांनी. त्यांनी तरुणपणी ट्रक चालवले होते, पण बैलाची धडक बसून खांदा अधू झाला आणि त्यांचं चालवणं सुटलं. म्हणून त्यांचा मुलगा शेखर म्हसा ते मुरबाड अशी सीटा भरून गाडी चालवू लागला. वळणावळणाच्या रस्त्यावर तो एका बोटाने स्टिअरिंग फिरवायचा. लोक म्हणायचे, "काय हात हाय शेखरचा!" मी बॉनेटखाली हसायचो. हात कुणाचा होता, ते मला ठाऊक होतं.

काही वर्षांनी शेखरला कावीळ झाली आणि तो अंथरुणाला खिळला. गाडी उभी राहिली तशी त्याची धाकटी बहीण दर्शना पुढे आली. तिच्याकडे लायसन होतं.

"बाबा, मी काढते गाडी. दादा बरा होईस्तोवर."

धाऊबाबांनी चावी दिली. दर्शना गाडी शांतपणे चालवायची. म्हाताऱ्या माणसाला चढायला वेळ द्यायची. पाट्या घेऊन बाजाराला जाणाऱ्या बायका तिच्यावर खूश होत्या. शेखर बरा होऊन पहिल्या दिवशी नाक्यावर आला, तेव्हा वांगी विकणाऱ्या गिरजाबाईंनी गाडीत डोकावून विचारलं, "आज दर्शना नाय? मग तिची खेप कंदी हाय? आमी थांबतो."

बाकीचे ड्रायव्हर मोठ्याने हसले. शेखर हसला नाही. त्या क्षणी त्याच्या मनात जो निखारा पडला, त्याची धग मला स्टिअरिंगमधून जाणवली.

घरी अंगणात, गाडीपाशीच तो बापाला म्हणाला, "ती काय चालवते? पंप चालवतो. उद्या हा पंप काढा, मग बघा तिला येतं का वळवता!"

मित्रांनो, हे ऐकून मी फुगलो. शेखर रागाने बोलला, पण मला ते कौतुकच वाटलं. खरंच की, माझ्यावाचून या पोरीची काय किंमत?

घरात कुरबुर वाढली. शेवटी धाऊबाबा म्हणाले, "एका गाडीवर दोघांचं भांडान नको. म्हशाची जत्रा होईस्तोवर आळीपाळीनं चालवा. मंग ज्याच्या हाताला गाडी बसल, त्याच्याकडं ती राहील. दुसऱ्यानं कंपनीत कामाला जावं."

त्यानंतर एका दुपारी शेखरने बॉनेट उघडलं आणि माझा पाइप आवळून धरणारी पट्टी पेचकसाने सैल केली. दुसऱ्या दिवशी गाडीखाली तेलाचं थारोळं दिसलं. तो बापाला घेऊन आला.

"बघा बाबा, पंप गळतोय. वळणावर दगा देईल. काढून टाकू, साधं स्टिअरिंग बसवू."

मी गळत नव्हतो! पण माझं म्हणणं कोण ऐकणार? धाऊबाबांनी होकार दिला. मुरबाडच्या अमित मिस्त्रीने मला निरखलं आणि तो म्हणालासुद्धा, "अरे, पंप चांगला हाय. पाइपाची पट्टी आवळली की झालं."

"तू काढ रे. सांगितलं तेवढं कर," शेखर म्हणाला.

पट्टा उतरला. पाइप सुटले. इतकी वर्षं माझ्या पोटात खेळलेलं तेल एका डब्यात गळून गेलं. माझ्याबरोबर काम करणारी स्टिअरिंगची पेटीही निघाली आणि तिथे भंगारातून आणलेली साधी पेटी बसली. तिला ना पट्टा, ना तेलाचा जोर. मुकाट, ठोकळ्यासारखी. मला गोणपाटात गुंडाळून मागच्या सीटखाली ढकलण्यात आलं. भंगारवाल्याला देऊ, असं शेखर म्हणाला आणि विसरून गेला.

अशा रीतीने मी माझ्याच गाडीत ओझं होऊन फिरू लागलो.

पहिल्याच खेपेला मुरबाडच्या नाक्यावर दर्शनाला गाडी वळवता येईना. दोन्ही हातांनी ती स्टिअरिंगला अक्षरशः लोंबकळली. चहाच्या टपरीवर शेखर मान खाली घालून हसत होता. आणि गोणपाटात मीही हसत होतो. आता ही रडेल, मला परत बसवा म्हणून हट्ट धरेल, असं मला वाटलं. तिने हरावं, असं मी मनापासून इच्छिलं.

तिचे दंड सुजले. घरी अंगणात ती गरम पाण्याने शेकत बसली, तेव्हा धाऊबाबा जवळ आले.

"उभ्या गाडीला कशाला झोंबतेस गो? आमच्या टायमाला ट्रकला कुठं व्हता पंप? गाडी जरा सरकू द्यायची. चाक फिरायला लागलं का स्टिअरिंग आपसूक सैल येतं. अंग लाव, पन घाई नको करू."

दुसऱ्या दिवसापासून बाप शेजारी बसू लागला. दर्शना चुकायची, पुन्हा वळवायची. हळूहळू गाडी तिचं ऐकू लागली. ती त्या साध्या पेटीला वंगण घालायची, तिच्यावरची माती पुसायची. माझ्या अंगावरून असा फडका कधी कुणी फिरवला नव्हता. मी त्या ठोकळ्यावर जळलो, दर्शनाच्या हातांवर त्याहून जास्त जळलो. शेखरने मात्र बापाला काही विचारलं नाही. तो सरळ रस्त्यावर दामटायचा आणि वळणं ओठ चावून काढायचा.

पौषात म्हशाची जत्रा भरली. रस्ता बैलांनी, टेम्पोंनी, पाळण्यांच्या आवाजाने गजबजला. त्या दिवशी शेखरने चावी सोडली नाही. दर्शना बायकांबरोबर मागे बसली. सगळ्यांच्या मांडीवर जत्रेत घेतलेल्या घोंगड्या होत्या, एका बाईच्या कुशीत लेकरू होतं.

परतताना जत्रेच्या बैलबाजारातला एक बैल दावं तोडून समोर आला. शेखरने गाडी कडेला घातली. बैल वाचला, पण पुढचं चाक रस्त्याखालच्या मोरीच्या कडेवर गेलं आणि गाडी कलली. खाली खोल ओढा होता. बायका किंचाळल्या. शेखर उभ्या गाडीचं स्टिअरिंग जिवाच्या आकांताने ओढत होता. ते तसूभरही हललं नाही.

"मला हलक्या स्टिअरिंगची सवय... नाय वळत..." तो पुटपुटला.

सीटखाली मला उकळ्या फुटल्या. आता कळली माझी किंमत! पण त्या बाईच्या कुशीतलं लेकरू रडू लागलं आणि माझी उकळी थिजली.

दर्शनाने आधी सगळ्यांना वरच्या बाजूच्या दारातून एकेक करून खाली उतरवलं. मग ती पुढे आली.

"दादा, उतर. मला बसू दे."

शेखर उतरला. आता गाडीत ती आणि मी, दोघंच होतो. तिने रिव्हर्स गिअर टाकला, गाडी बोटभर मागे सरकू दिली आणि त्याच क्षणी सगळं अंग लावून स्टिअरिंग वळवलं. पुन्हा बोटभर, पुन्हा वळण. माती ओढ्यात ढासळली. चाक रस्त्यावर आलं.

 शेखर मोरीजवळ उभा होता.  तो हळूच म्हणाला, "दर्शे, पंप गळत नव्हता. मीच पट्टी सैल केली व्हती."

"मला ठाव हाय. अमितदादा बोलला मला," ती म्हणाली. "बस गाडीत. लोकांना घरी सोडायचं हाय."

गाडी दर्शनाकडे राहिली. शेखर कंपनीत जातो. सुट्टीच्या दिवशी मात्र तो बापाशेजारी बसून जड स्टिअरिंग शिकतो.

मला तिने सीटखालून काढलं, पुसलं, माझी तोंडं चिंधीने बांधली आणि पडवीतल्या फळीवर ठेवलं. "कुणाला लागला तर चालू व्हईल," असं ती म्हणाली. मित्रांनो, यंत्र वापरात नसलं तरी ते असं जपावं. मातीत फेकू नये आणि आपल्या मनातली गळती त्याच्या नावावर खपवू नये. एखादा दुसऱ्याच्या जोरावर पुढे गेला, असं म्हणायची जीभ झालीच, तर आधी त्याच्या जागी बसून एकदा वळण घेऊन बघा.

माझा हेवा गेला, असं मी सांगणार नाही. गाडी अंगणातून वळताना आजही मी दर्शनाचे हात बघत जळतो. फक्त ती अडावी असं आता वाटत नाही.