कानबाई आणि शेठची लाइन

चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या आदल्या वर्षीचा श्रावण. नवागाम या कामगारवस्तीच्या पाठीमागून तेव्हा एका शेठची स्वतःची रेल्वेलाइन जायची. मोठ्या यार्डातून त्याच्या कापडाच्या कारखान्यापर्यंत कोळसा आणायचा, एवढंच तिचं काम. कोसभर लांबी आणि राजधानीचा तोरा. इंजिन डिझेलचं, म्हाताऱ्या रेड्यासारखं धापा टाकणारं, आणि येताना डबे ओढायचं नाही, मागून ढकलायचं. ड्रायव्हर भिकनला पुढचं काही दिसायचं नाही, म्हणून पुढच्या डब्यावर झेंडीवाला उभा असायचा. तो झेंडीवाला म्हणजे शोभाबाईच्या गल्लीतला लोटू. आणि त्या सोमवारी लोटू रजा टाकून कानबाईपुढे ढोल बडवत होता.

रविवारी शोभाबाईच्या घरी कानबाई देवी बसली, सोमवारी सकाळी पाण्यात बोळवायला निघाली. पाट नव्या सुनेच्या, धनश्रीच्या डोक्यावर. पाटावर नथ घातलेली, चांदीचे डोळे लावलेली नारळाची कानबाई. नैवेद्याचे रोट रांधताना शोभाबाईनं सुनेला पुरतं बजावलं होतं. पाट खाली टेकायचा नाही, चांगल्या पाण्याला लागेपर्यंत कानबाई हातची सुटू द्यायची नाही, सुटली तर घराचं वाटोळं, आणि बोल लागेल तो तुझ्या पायगुणाला. धनश्री हो म्हणाली. ती हो सोडून फारसं काही बोलायचीच नाही, आणि शोभाबाईला तिचा तेवढाच गुण पटला होता.

वाटेतल्या खाडीचं अलीकडच्या काठाचं पाणी कारखान्याच्या रंगानं नासलेलं, आज लाल तर उद्या हिरवं. चांगली धार आणि वाळू पलीकडच्या काठाला. सडकेनं मोठा वळसा होता, लाइनच्या पुलावरून गेलं की समोरच. पण शेठच्या कारखान्यातले लूम, म्हणजे यंत्रमाग, खडखडत असले की लाइनही चालू, हे अख्ख्या नवागामला पाठ होतं. सगळे मुकाट्यानं सडकेकडे वळले, आणि तेवढ्यात लूम थांबले.

एकदम. रात्रंदिवस कानात बसलेला तो खडखडाट असा गेला की बायका गाता गाता अडखळल्या.

शोभाबाईची मान ताठ झाली. कानबाईला सुट्टी द्या म्हणून तिनंच लेकाला, हेमराजला, शेठकडे धाडलं होतं. शेठनं तेव्हा त्याला हसून वाटेला लावलं होतं. आता तिनं जाहीर करून टाकलं की शेठला अक्कल आली, कानबाईनं दिली, आणि चला पुलावरून.

लोटूनं ढोल थांबवला. "काकू, शेठ अशी सुट्टी देत नाही. लाइट गेली असेल."

"तू इथे ढोल बडवतोय," शोभाबाई म्हणाली, "मग तुझी गाडी काय तुझी बायको चालवते?"

बायका हसल्या. लोटूनं पुन्हा ढोलावर काठी मारली.

पुलाला कठडा नव्हता. नुसते रुळांखालचे आडवे स्लीपर आणि मधल्या फटींतून खाली लाल पाणी. मधोमध एक लोखंडी फळी बाहेर काढलेली, लाइनवरच्या माणसानं गाडी आली तर उभं राहावं म्हणून. धरायला एक दांडा. धनश्री पुढे, अनवाणी, दोन्ही हातांनी पाट धरून. मागे थोड्या अंतरावर शोभाबाई, काठापासून चार पावलांवर. बाकीचे अजून काठावरच.

आधी शोभाबाईच्या तळपायाला कळलं. स्लीपर थरथरत होता. तिला वाटलं, वय झालं, आपलेच पाय कापतायत. मग तिनं वर पाहिलं. पलीकडच्या बाभळींतून कोळशाचा डबा बाहेर येत होता. त्याच्यावर कुणी नव्हतं. इंजिनचा आवाज कुठे तरी लांब मागे होता, आणि डबा आपल्या आपण येत असल्यासारखा सरकत येत होता.

लाइट गेली होती. डिझेलला लाइट लागत नाही.

धनश्री त्या फळीजवळच उभी होती. दोन पावलं टाकून दांडा धरला की सुटली असती. पण दांडा धरायला हात हवे होते, आणि हात पाटाला होते. ती तशीच उभी राहिली. मागून शोभाबाईला तिचे कोपर दिसत होते, लाकडासारखे ताठ. पोर पाट सोडणार नव्हती. तिला सोडू नको म्हणून कुणी सांगितलं होतं, ते शोभाबाईला ठाऊक होतं.

आयुष्यभर जिच्या जिभेला धार होती तिच्या तोंडातून हाक फुटली ती माहेरच्या अहिराणीत.

"फेकी दे, माय. फेकी दे नि पय."

धनश्रीनं मान वळवली. सासू पळ म्हणत होती, आणि तिनं आपल्याला याआधी कधी माय म्हटलेलं नव्हतं.

पाट खाली गेला. कानबाई लाल पाण्यात गेली. लोटूनं पुलावर धावत येऊन शोभाबाईला दंडाला धरून काठाकडे मागे ओढलं, दोघं उतारावर काट्यांत पडले, आणि डबे वरून जायला लागले. चाकांच्या मधून ती धनश्रीचं हिरवं लुगडं शोधत होती. एकदा दिसलं. मग दिसेना. सगळ्यांत मागून इंजिन गेलं, आणि काठावरच्या बायका पाहून भिकनचं तोंड राखेसारखं झालं.

पुलावर शोभाबाई चालत गेली नाही, रांगत गेली. धनश्री फळीवर होती. दांड्याभोवती बोटं अशी आवळलेली की शोभाबाईला ती एकेक करून सोडवावी लागली.

"आत्याबाई," पोर खाली पाण्याकडे बघत म्हणाली, "कानबाई पडली."

"तिला पोहता येतं," शोभाबाई म्हणाली. "तुला येत नाही."

पलीकडच्या काठावरून रीतीप्रमाणे वाळू घरी आणायची होती. पाट नव्हता, शोभाबाईनं ती स्वतःच्या पदरात आणली, सडकेनं, वळसा घालून. पायगुणाचं कुणी काढायला गेलं तर ती अशी बघायची की समोरचीनं चहासुद्धा न मागता उठावं.

लूम त्यानंतरही कधी कधी अचानक थांबायचे. लाइट गेली की सगळं नवागाम ओट्यावर येऊन हुश्श करायचं, गप्पांना बसायचं. शोभाबाई मात्र हातातलं टाकून उभी राहायची, आणि तळपाय जमिनीला घट्ट टेकवून आत हाक मारायची, "धनश्री, कुठे आहेस?"

आतून हो आला की मग ती खाली बसायची.