एका नावाच्या दोन फाइली

तिने फाइल तिसऱ्यांदा उघडली. तक्ता तोच होता, मोठ्या माणसांच्या डोसांचा. लहान मुलांचा तक्ता कुठेच नव्हता.

सलाइनचे पंप चालवणाऱ्या या प्रोग्रामची फोल्डरं म्हणजे वर्षानुवर्षांचा उकिरडा. ज्याला जिथे जागा दिसली तिथे त्याने टाकलेलं. तिला पसारा बघवत नसे. काल तिने कंबर कसली आणि सात-आठ फोल्डरांतलं सगळं एका कमांडने एकात आणलं. ‘मोठे’ आणि ‘मुलं’ या दोन्ही फोल्डरांत एकाच नावाची फाइल होती, हे ध्यानातच आलं नाही. एकीवर दुसरी बसली. सगळ्या फाइली जोडून आवृत्ती बांधणाऱ्या बिल्डला काय, त्या नावाची फाइल सापडली की झालं. स्क्रीनवर तपासणीच्या सगळ्या ओळी हिरव्या. आज सकाळी नवी आवृत्ती इस्पितळात गेलीसुद्धा. आता दुपारी फाइलींची यादी जुळवताना एक कमी भरली.

साहेब तिच्या खुर्चीमागून स्क्रीनकडे वाकले. काय झालंय ते त्यांच्याही लक्षात आलं.

“कुणाला बोलली नाहीस ना?”

“नाही.”

“मग बोलूही नकोस. जुनी आवृत्ती परत पाठव. पंधरा मिनिटांचं काम. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“पंधरा मिनिटांत पंपातून किती जातं, साहेब?”

तिने मुलांच्या वॉर्डचा नंबर फिरवला. सिस्टरने फोन उचलला.

“पंपाच्या कंपनीतून बोलतेय. नव्या आवृत्तीवर एखादा पंप सुरू आहे का?”

“अहो, मघाशीच नाही का बोलणं झालं? चार नंबरच्या बाळाचा डोस जास्त वाटला म्हणून मी फोन केला होता. तुमच्याकडच्या बाई म्हणाल्या, सगळं तपासूनच पाठवलंय, बिनधास्त लावा.”

तिला आठवलं. फोन खांद्याने कानाशी दाबलेला, आणि डोळे त्या हिरव्या ओळींवर.

साहेब मानेने ‘नको, नको’ करत होते.

“त्या बाई मीच,” ती म्हणाली. “माझी चूक झाली, सिस्टर. सगळे पंप बंद करा. आधी चार नंबरचा. मी फोन धरून आहे.”

पलीकडे रिसीव्हर टेबलावर आदळला आणि धावणारी पावलं लांब गेली. ती पावलं परत येण्याची वाट बघत ती जिवाचा कान करून उभी राहिली.