तिळाएवढं चाक

लग्नात मंगळसूत्र माझ्या हातून निसटलं. तेव्हापासून, म्हणजे पंचवीस वर्षं, सासऱ्यांचं एक मत कायम होतं: "जावईबापूंच्या हातात काही टिकत नाही." सासरे, वसंतराव, मालवाहू जहाजावर सुकाणी होते, चाक धरून समुद्रात आयुष्य गेलेलं. म्हणून त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाला तशाच जहाजाची वीतभर प्रतिकृती द्यायचं मी ठरवलं.

प्लास्टिकचा सांगाडा सहज जमला. कठडे, शिड्या आणि चाक मात्र फोटो-एच्ड, म्हणजे रसायनाने कोरलेल्या, कागदासारख्या पातळ पितळी पत्र्यातले. ब्लेडने सुटे करायचे, चिमट्याने धरून चिकटवायचे. कठडे बसले, शिड्या बसल्या. समारंभाच्या आदल्या सकाळी तिळाएवढं चाक चिमट्यातून टिणकन उडालं. पत्र्यावर दुसरं नव्हतं.

वेलचेरीच्या आमच्या हॉलमध्ये दोन तास रांगत होतो, तेवढ्यात शेजारच्या विशालाक्षीबाई डबा परत द्यायला आल्या. तंजावरच्या मराठी, बोलण्यात तमिळ मिसळलेलं, वय पंचाहत्तर.

"अय्यो! मला नमस्कार घालतोस काय?"

मी रडगाणं गायलं.

"आधी पंखा बंद कर, कण्णा." त्यांच्या तोंडी मी कण्णा, म्हणजे बाळ.

त्यांनी घरून सूप आणलं. सोफ्याखालची अस्की, म्हणजे त्यांच्या मराठीत सगळी, धूळ कुंच्याने त्यात ओढली. "हेमलता किती झाडते ते कळलं," म्हणाल्या. हेमलता माझी बायको. सुदैवाने ऑफिसात होती.

"पाखडू नका, उडेल!"

"साठ वर्षं उडदांतले खडे काढते मी. मला शिकवतोस?"

सूप हलकेच घोळलं. झारेकरी सोनाराच्या दारची धूळ धुऊन सोनं काढतात. बाईंनी कोरड्या धुळीतून पितळ काढलं. एक आरा वाकला होता.

"सरळ करू?"

"तुझ्या हातांनी? राहू दे."

मी खरोखरच नमस्कार घातला आणि चाक तसंच चिकटवलं.

रविवारी अण्णा नगरच्या मंगल कार्यालयात वसंतरावांनी जहाजाला भिंग लावलं.

"एक आरा वाकडा आहे."

मी खुलासा सुरू करणार, तोच ते पुढे म्हणाले,

"आमच्याही चाकाचा होता. साखळदंड आदळला होता. तुम्हाला कुणी सांगितलं हो?"

थाप मारायला उत्तम जागा होती. मी दुसऱ्या रांगेत बसलेल्या विशालाक्षीबाईंकडे बोट दाखवलं आणि धुळीसकट सगळं सांगितलं.

वसंतराव उठून त्यांच्यापुढे हात जोडून उभे राहिले. "बाई, तुम्ही आमच्या बोटीवर हव्या होतात."

"आधी केर काढायला लावला असता," त्या म्हणाल्या.

मग सासऱ्यांनी माझा हात हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला, आणि जेवणाची पानं मांडेपर्यंत सोडलाच नाही.