रिकामा धोटा

लग्न ठरलं की बेळगुंदीकडची माणसं आधी मंगलाक्काला फोन करायची आणि मुहूर्त काढायला भटजींकडे नंतर जायची. भटजींना याचा राग यायचा, पण त्यांच्याही मुलीचा बस्ता मंगलाक्कानेच बांधून दिला होता, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

बस्ता बांधणं म्हणजे चार साड्या घेऊन पिशवीत घालणं नव्हे. नवरीचा शालू, सासूचा मान, आत्यांची लुगडी, मामाचा फेटा, नवरदेवाच्या आजीला सुती नऊवारी. यातलं एक जरी चुकलं तरी मांडवात रुसवेफुगवे ठरलेले. वीस-वीस माणसांचं वऱ्हाड टेम्पोतून उतरायचं आणि मंगलाक्का त्यांना घेऊन बेळगावच्या गणपत गल्लीतून निघायची. कुठल्या दुकानात सुती चांगलं, कुठे मालक गोड बोलून गेल्या सालचा माल काढतो, कुठे बायकांना निवांत बसायला गादी आहे, हे तिला पाठ. दुकानदारांशी कानडीत भांडायची, वऱ्हाडाशी मराठीत बोलायची, आणि उड्डाणपूल ओलांडून शहापुरात शिरलं की दोन्ही भाषा एकाच वाक्यात यायच्या. शेवटी सगळ्या कपड्यांचा गठ्ठा बांधला की ती पिशवीतून पितळी करंडा काढायची आणि स्वतःच्या बोटाने बस्त्याला हळदीकुंकू लावायची. त्या बोटाला किंमत होती. मंगलाक्काने हळद लावली म्हणजे माल पारखून घेतला, आत फसवणूक नाही, असं धरूनच माणसं टेम्पोत बसायची. तीस वर्षांत त्या बोटाखालून एकही खोटी साडी गेली नव्हती, आणि या एका गोष्टीचा तिला गर्व होता. असायलाच हवा होता.

तिचं माहेर शहापुरातलंच, विणकराचं. वडील हातमागावर बसायचे आणि ही खाली जमिनीवर कांड्या भरायची. कांडी म्हणजे सूत गुंडाळलेली बोटभर नळी. ती धोट्याच्या पोटात घालायची, मग धोटा ताण्याच्या उभ्या धाग्यांतून इकडून तिकडे पळतो आणि मागे आडवा धागा सोडत जातो, तेव्हा कुठे कापड वाढतं. पुढे हातमाग गेले, पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रमाग आले. वडिलांचा माग ज्या दिवशी मोडून काढला, त्या दिवशी घरात कोणी जेवलं नाही.

अशा बाईकडे दिवाळीनंतर आदर्श नावाचा गृहस्थ आला. पस्तिशीचा, कपाळावर गॉगल, बोलण्यात साखर. 'वारसा बाजारफेरी' नावाचा त्याने नवा उद्योग काढला होता. पुण्या-बंगळूरच्या पाहुण्यांना जुन्या पेठा दाखवायच्या, कुंदा चाखवायचा, साड्या घ्यायला लावायच्या.

"आक्का, तुमच्यासारखी गाईड अख्ख्या बेळगावात नाही," तो म्हणाला. "आणि आपण शहापुरात एक हातमाग परत सुरू करतोय. तुमच्या ओळखीचा कोणी चांगला विणकर सांगा."

हातमाग परत सुरू होणार म्हटल्यावर मंगलाक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने क्षणाचाही विचार न करता आण्णाप्पाचं नाव सांगितलं. आण्णाप्पा तिच्या वडिलांच्या हाताखाली शिकलेला. आता गल्लीच्या पलीकडे स्वतःच्या शेडमध्ये चार यंत्रमाग चालवायचा. दुपारचे दोन तास इकडे द्यायला तो तयार झाला. माग उभा राहिला. पहिली चार बोटं कापड विणून झालं तेव्हा मंगलाक्काने करंडा काढला आणि त्या कोऱ्या पांढऱ्या कापडावर, अगदी धागा ठोकणाऱ्या फणीच्या अलीकडे, हळदीकुंकवाचा ठिपका लावला. आदर्शने त्याचा फोटो काढला.

त्यानंतर महिना-सव्वा महिना फेऱ्या चालल्या. मागाची खोली लहान, पाहुणेच आत मावायचे नाहीत, म्हणून मंगलाक्का दारात चपला सांभाळत उभी राहायची. आतून मागाचा खट्-खट् आवाज यायचा आणि तिला बरं वाटायचं. एवढ्यावरच ती खूश होती बिचारी.

त्या दिवशी सात-आठ पाहुणे होते. त्यातली एक बाई गणपत गल्लीपासूनच मंगलाक्काकडे पाहून हसत होती. रविवार पेठेत मिरच्यांचा खकाणा उठला, सगळे शिंकायला लागले, तेव्हा ती जवळ आली.

"आक्का, वळखलं न्हाय व्हय मला? मी तेजस्वी. बेळगुंदीची. माझ्या लग्नाचा बस्ता तुमीच बांदलासा."

"अगं बाई! शालवावरनं आत्यासंगं भांडल्याली ती तूच काय गं?"

"तीच!" तेजस्वी हसली. लग्नानंतर ती पुण्यात स्थायिक झाली होती. आईला पासष्ट वर्षं पूर्ण होणार होती, म्हणून साडी घ्यायला आली होती. "आई म्हणाली, मंगलाक्का संगट असंल तर डोळं झाकून घे."

मंगलाक्काला हे ऐकून जे वाटलं ते कुठल्याही सत्कारात वाटलं नसतं.

शहापुरात पोचल्यावर तेजस्वीने तिला दारात राहू दिलं नाही. हाताला धरून आत नेलं. आण्णाप्पा मागावर बसला होता. पण हा कुठला आण्णाप्पा? एरवी पँट-बनियनवर असणाऱ्या माणसाला धोतर नेसवलेलं, डोक्याला लाल पटका, गळ्यात कसलीशी माळ. मंगलाक्काने हाक मारली तर त्याने मान वर केली नाही.

"ते बोलत नाहीत," आदर्श पाहुण्यांना हलक्या आवाजात सांगू लागला. "विणताना मौन पाळतात. शहापुरातले शेवटचे हातमाग विणकर."

मौन! आण्णाप्पा! जो माणूस माग चालू असताना अख्ख्या गल्लीशी गप्पा मारायचा आणि मागाच्या आवाजावर स्वतःचा आवाज चढवायचा, तो मौन पाळतो म्हणे.

भिंतीशी घडवंचीवर साड्या मांडल्या होत्या. तेजस्वीने त्यातली एक उचलली. जांभळी, हिरव्या काठाची. मग पर्समधून आदर्शने दिलेलं गुळगुळीत पत्रक काढलं. ते इंग्रजीत होतं. मंगलाक्काला मराठी येतं, कानडी येतं, इंग्रजी येत नाही, आणि महिनाभर तिने स्वतःच्या हाताने ते पत्रक वाटलं होतं. वर तिचा फोटो होता, करंडा घेतलेला.

"आक्का, हितं तुमचं नाव हाय बगा," तेजस्वी म्हणाली आणि मराठीत सांगू लागली. "इथली प्रत्येक साडी याच हातमागावर विणलेली आहे आणि मंगलाक्का स्वतः पारखून तिला हळद लावतात, असं लिवलंय. मग ही घेऊ न्हवं? हातमागाचीच हाय न्हवं आक्का?"

मंगलाक्काने साडी हातात घेतली नाही. तिची नजर मागावर गेली होती.

पांढऱ्या कापडावर, फणीच्या अगदी अलीकडे, तिने लावलेला हळदीचा ठिपका होता. जिथे लावला होता तिथेच. महिना-सव्वा महिना रोज दोन तास माग चालला, तर तो ठिपका कधीच रुळावर गुंडाळून आत जायला हवा होता. कापड चार बोटं होतं, चार बोटंच राहिलं होतं. आणि आण्णाप्पाच्या हातातला धोटा इकडून तिकडे पळत होता, फणी ठोकली जात होती, पायांखालच्या पावड्या वरखाली होत होत्या. सगळं होत होतं. धागा तेवढा नव्हता.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ती सरळ पुढे गेली आणि पळता धोटा पकडला.

"आण्णाप्पा, कांडी कुठं हाय रं?"

आण्णाप्पाचे पाय थांबले.

"आक्का, उशीर होतोय, पुढे कुंदा चाखायचाय," आदर्श मध्येच बोलला.

"तुमी थांबा जरा." मंगलाक्काने धोटा उलटा केला, त्याच्या पोटात बोट घातलं आणि सगळ्यांना दाखवला. "बगा. रिकामा. आमच्या घरात लेकरं खेळायला असला धोटा घ्यायची, तरी बा वरडायचा. ह्यानं कापड हुईत न्हाय. ह्या मागावर ह्या ठिपक्यानंतर एक धागासुदीक इनल्याला न्हाय. मग ह्या साड्या कुटनं आल्या? तेजस्वी, ही हातमागाची न्हवं. आनि मी हिला हळद लावल्याली न्हाय. हितल्या एकीला बी न्हाय."

पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. एकाचा मोबाइल चालूच होता, त्याने तो हळूच खाली घेतला. आणि मग जे झालं त्याची मंगलाक्काला कल्पना नव्हती. आण्णाप्पा उठला आणि आदर्शवर नाही, तिच्यावरच भडकला.

"चार लोकांत माजी आब्रू काडलीस आक्का! धोटा रिकामा हाय हे मला ठावं न्हवतं व्हय? सूतच दिलं न्हाय ह्येनी. म्हनले, नुसतं हलवत ऱ्हावा, फोटूत येतंय. ह्या धोतरात मी रोज मरतोय. मला एकट्याला गाठून इचारलं असतंस तर?"

मंगलाक्काने धोटा मागावर ठेवला. त्याचं बरोबर होतं. महिनाभर दारात उभं राहून तिने एकदाही आत डोकावलं नव्हतं. आवाज ऐकून खूश झाली होती. आवाजाला काय लागतं?

"चुकलं रं माजं," ती म्हणाली. "मीच तुजं नाव दिल्तं. पन ह्या साड्या कुनी इनल्या, ते तरी सांग."

"कुनी म्हंजे? मी." आण्णाप्पाने घडवंचीकडे हात केला. "माझ्या शेडात. पॉवरलूमवर. ह्येनी घिऊन येतात आनि हितं मांडतात. माजाच माल, आनि मलाच म्हनतात, तोंड उगडायचं न्हाय."

आता मात्र मंगलाक्काचा राग आवरेना. ज्या माणसाने या साड्या खरोखर विणल्या, त्यालाच धोतर नेसवून, तोंड बंद करून, त्यांच्याच शेजारी विणण्याचं सोंग करायला बसवलं होतं. ती आदर्शकडे वळली.

"आरं, इनकर हितं जित्ता बसलाय! त्येला इनकर म्हनायची लाज वाटली व्हय तुमास्नी?"

"आक्का, पाहुण्यांना जे बघायचं असतं ते दाखवावं लागतं," आदर्श म्हणाला. साखर संपली होती. "पत्र्याची शेड बघायला पुण्याहून कोण येणार?"

"मी येते," तेजस्वी म्हणाली. जांभळी साडी अजून तिच्या हातात होती. "आण्णा, कुठं हाय तुमची शेड?"

आण्णाप्पाने डोक्यावरचा पटका काढला, घडी घालून मागाच्या दांडीवर ठेवला. "या," म्हणाला, आणि धोतराचा सोगा सावरत गल्ली ओलांडून चालू लागला. सगळे पाहुणे त्याच्यामागे गेले. शेडमध्ये त्याने बटण दाबलं, चारही माग एकदम धडाडले, पाहुण्यांनी कानांवर हात ठेवले. आण्णाप्पा मात्र तिथे भलताच खुलला. ओरडून ओरडून सांगू लागला, हा ताणा, हा काठ, ही नक्षी. तिसऱ्या मागावर एक धागा तुटला. बोलता बोलताच त्याने माग थांबवला, दोन टोकं पकडली, चिमटीत काहीतरी फिरवलं आणि गाठ बसली. कुणाला दिसलीसुद्धा नाही. पुण्याचे एक आजोबा म्हणाले, पुन्हा करून दाखवा. आण्णाप्पाने पुन्हा केलं, पुन्हा दिसलं नाही. सगळे हसले, आण्णाप्पाही.

तेजस्वी मंगलाक्काच्या कानाशी आली. "आता सांगा आक्का. आईला घेऊ?"

मंगलाक्काने आता साडी हातात घेतली. उजेडात धरली, काठ ओढून पाहिला, पदर उलटा करून पाहिला. सावकाश.

"पॉवरलूमची हाय," ती ओरडून म्हणाली. "आण्णाप्पानं इनलीया. सूत चांगलं हाय, काठ सरळ हाय, धुतली तर आखडायची न्हाय. तुज्या आईला आसंच सांग, आनि मग नेसव."

"आसंच सांगते."

मंगलाक्काने करंडा काढला. हळदीत बोट बुडवलं आणि साडीपर्यंत नेलं, पण मध्येच थांबली. तिला तो दुसरा ठिपका आठवला. तो अजून तिकडे होता. उद्या, परवा, पुढच्या महिन्यात कुणीतरी त्याचा फोटो काढणार होतं.

आधी तिने साडीला हळदीकुंकू लावलं. मग आण्णाप्पाकडे हात पुढे केला. "कात्री दे."

आण्णाप्पाला सांगावं लागलं नाही. तो तिच्याबरोबर गल्ली ओलांडून परत आला. मागावरचा ताणा अर्धवट कापणं म्हणजे विणकराच्या घरात केवढा अपशकुन, ते दोघांनाही ठाऊक होतं. मंगलाक्काचे वडील असते तर त्यांनी तोंड फिरवलं असतं. आण्णाप्पाने ताणा दोन्ही मुठींत धरला, सैल पडू नये म्हणून. कापायचं तर तेही नीट कापायचं. तिने एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत कात्री चालवली आणि चार बोटांची ती पट्टी, हळदीच्या ठिपक्यासकट, रुळावरून सोडवून घेतली.

आदर्श दारात धावत आला. लोंबणारे धागे पाहून त्याचा चेहरा उतरला.

"आक्का! हे काय केलंत? परवा पंचवीस पाहुणे येणारेत! त्यांना काय दाखवू मी?"

मंगलाक्काने पट्टीची घडी घातली, करंड्यात ठेवली, झाकण लावलं.

"माग दावा की," ती म्हणाली. "पल्याड चालू हाय."