कारण न सांगता

आसपासच्या सगळ्या इस्पितळांच्या चादरी आमच्या लाँड्रीत येतात. मी आणि व्हर्लीन टब्स मळक्या बाजूला होतो. तिथे पट्ट्यावरून गाठोडी येतात. ती सोडायची, चादरी वेगळ्या काढायच्या, गाऊन वेगळे. आत कधी चमचा सापडतो, कधी एखाद्या म्हाताऱ्याची कवळी, आणि कधी सुई.

त्या वसंतात एक सुई व्हर्लीनच्या अंगठ्यात घुसली. कंपनीचे हातमोजे इतके पातळ की त्यातून नेलपॉलिशचा रंग दिसायचा. तिने रक्त धुतलं, फडकं गुंडाळलं आणि थेट मॅनेजरच्या खोलीत गेली. ड्वेन हॅडली तिला म्हणाला, "जाड मोज्यांनी हात हळू चालतो, व्हर्लीन."

"आणि सुई टोचली की भराभर चालतो होय?"

रक्ताचे निकाल यायला कित्येक आठवडे लागले. तोवर तिने नातवाचा एकही पापा घेतला नाही. निकाल चांगले आले, पण तोपर्यंत ती सुट्टीच्या वेळात युनियनच्या अर्जावर सह्या घेत फिरायला लागली होती. मी सही केली, पण मान खाली घालून. माझ्या नवऱ्याला रोज इन्सुलिन लागतं आणि घरातला औषधपाण्याचा विमा माझ्या नोकरीचा. नोकरी गेली की तोही गेला.

मग युनियन होऊ नये म्हणून कंपनीने बाहेरगावाहून एक इस्त्रीच्या शर्टातला माणूस आणला. पट्टा बंद करून आम्हाला जेवणघरात बसवलं, समोर डोनट ठेवले. आजवर आम्हाला साधी बिस्किटंसुद्धा कुणी विचारली नव्हती. तो म्हणाला, "आपण इथे एका कुटुंबासारखे आहोत. कुटुंबात तिसऱ्याला कशाला आणायचं?"

व्हर्लीन उठली. "साहेब, तुमच्या आईला हे गाठोडं सोडायला लावलंत, तर तिला कुठले मोजे द्याल?"

आमच्यातली क्लीओला इतकी हसली की कॉफी तिच्या नाकातून आली. ती सगळ्यांत वयस्क. रविवारी चर्चमध्ये पियानो वाजवते आणि एरवी मोठ्याने बोलतसुद्धा नाही.

शुक्रवारी हॅडलीने व्हर्लीनला आत बोलावलं. बाहेर आली तेव्हा बरोबर पहारेकरी होता आणि हातात फक्त तिची पर्स.

"काढलं," ती म्हणाली.

"अगं, पण का?"

"विचारलं ना मी. म्हणाला, या राज्यात कारण द्यावं लागत नाही." पहारेकऱ्याने तिला दाराकडे वळवलं. जाता जाता ती मला म्हणाली, "जुनेटा, तुझी मान दुखेल हं अशी खाली घालून."

ते वाक्य शनिवार-रविवार माझ्या कानात घुमत राहिलं. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "माझ्या औषधाचं नाव सांगून तू भिऊ नकोस. ते मला नाही आवडत."

सोमवारी पट्टा सुरू झाला. पहिलं गाठोडं क्लीओलासमोर आलं. तिने सावकाश दोन्ही मोजे काढले, त्या गाठोड्यावर ठेवले आणि म्हणाली, "मला कारण ऐकायचंय."

लाल बटण माझ्या बाजूला होतं. मी ते दाबलं. पट्टा थांबल्यावर इतकं शांत झालं की धुतलेल्या कपड्यांच्या बाजूच्या बायकाही बघायला आल्या, आणि आल्या त्या आमच्याबरोबरच राहिल्या. आम्ही सगळ्या हॅडलीच्या दारात जाऊन उभ्या राहिलो.

"कामावर जा," तो ओरडला, "नाहीतर एकेकीला काढीन!"

"ओरडू नकोस, बाळा," क्लीओला म्हणाली. "काढ की. दुपारी इस्पितळाचा ट्रक येईल. तेव्हा तू आणि तो डोनटवाला, दोघं मिळून गाठोडी सोडा."

दुपारी ट्रक आला आणि रिकामा उभा राहिला. इस्पितळातून फोनवर फोन सुरू झाले. शस्त्रक्रियांना धुतलेल्या चादरी लागतात, त्यांना हॅडलीची कारणं नकोत. संध्याकाळच्या आत जाड मोज्यांची खोकी आली, कंपनीच्याच दुसऱ्या लाँड्रीतून. म्हणजे मोजे होतेच. आम्हाला द्यायचे नव्हते, एवढंच. ते घालून आम्ही पट्टा पुन्हा सुरू केला.

व्हर्लीनला मात्र परत घेतलं नाही. युनियनमुळे काढलं, अशी तिची तक्रार सरकारी कचेरीत गेली. एक अधिकारी येऊन जबाब लिहून घेऊन गेला, आणि ते प्रकरण अजून तिथेच पडून आहे. ती शाळेच्या स्वयंपाकघरात लागली, कमी पगारावर. पण पानगळीत युनियन हवी की नको यावर आम्हा कामगारांचं मतदान झालं आणि युनियन जिंकली. त्या संध्याकाळी तिने आमच्यासाठी पीच घालून भाजलेला गोड कॉबलर करून आणला आणि फाटकाबाहेर गाडीतच सगळ्यांना वाढला, कारण आवारात यायची तिला बंदी होती.

मग करारासाठी बसायची वेळ आली. आमच्या बाजूने कोण बसणार ते आम्ही ठरवायचं होतं. आम्ही तीन नावं दिली: मी, क्लीओला आणि व्हर्लीन.

व्हर्लीन लाँड्रीच्या पुढच्या दाराने आत आली, चर्चला घालते तो निळा ड्रेस घालून. कंपनीचा वकील म्हणाला, "या बाई इथल्या कामगार नाहीत."

"नाहीत," मी म्हणाले, "तुम्ही काढलंत म्हणून. पण आमच्या बाजूला कोण बसणार ते तुम्ही ठरवत नाही." या वेळी माझी मान वर होती.

वकिलाने हॅडलीकडे पाहिलं. क्लीओलाने खुर्ची ओढून दिली, व्हर्लीन बसली आणि पहिलं कलम वाचलं: सबळ कारण लेखी दिल्याशिवाय कुणालाही कामावरून काढता येणार नाही.

वकिलाने बॅग बंद केली आणि पुढच्या महिन्याची तारीख दिली. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. त्यांना वाटतं, आम्ही दमू. करार अजून झालेला नाही, आणि विम्याची धास्ती मला अजून वाटते. पण गेल्या वेळी वकिलाने त्यांचा मसुदा आणला, तेव्हा व्हर्लीनने चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला आणि आमचं पहिलं कलम त्यात कुठेच नाही हे पाहून त्याच्याकडे परत सरकवला.

"हे नाही चालायचं," ती म्हणाली. "घरी न्या आणि नीट लिहून आणा. आम्ही येतोच आहोत."