चौकटीबाहेर

थोरल्याने वल्हं फिरवलं आणि ते धाकट्याच्या खांद्यावर असं बसलं, की हाडाचा आवाज फोटोग्राफरपर्यंत पोहोचला. तो दोन पावलं मागे सरकला. भिऊन नव्हे, दोघं भाऊ चौकटीत मावावेत म्हणून.

बंदराचे फोटो काढायला तो कालच या शहरात आला होता. होड्या, जाळी, दोऱ्या. सगळं कसं मेलं बेचव निघालं होतं. आणि आज हे आयतं समोर.

"मला न विचारता होडी विकलीस?" धाकटा थोरल्याच्या नरड्याला भिडला.

"बापाची होती, तुझी नव्हे!"

वल्हं पुन्हा उठलं. कपाळ फुटलं. धाकटा गुडघ्यांवर आला, रक्त डोळ्यांत उतरलं. फोटोग्राफर उकिडवा बसला. काय उजेड पडला होता! त्याला आनंद झाला, खोटं कशाला सांगा.

मागे ही एवढी गर्दी जमली, पण पुढे कोणी सरकेना. या धक्क्यावर सारखं कुठलं ना कुठलं शूटिंग चालू असायचं, आणि मध्ये गेलं की शिव्या खायला लागायच्या.

"रक्त काय झकास जमवलंय!" बर्फवाला म्हणाला.

"सरका, मला जाऊ द्या!" एक म्हातारी गर्दीतून घुसली. "माझी पोरं आहेत रे ती! मारून टाकील तो त्याला!"

"वा आजी! तुम्हालाही काम मिळालं वाटतं!"

लोक हसले. ती धडपडत फोटोग्राफरच्या बाजूला पोहोचली आणि तिथेच अडली. तेवढ्यात तिसरा घाव डोक्यावर बसला.

धाकटा आडवा झाला तो हललाच नाही. थोरल्याच्या हातून वल्हं गळून पडलं. बर्फवाल्याने टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले.

म्हातारीने धाकट्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"ऊठ रे राजा. होडी दुसरी घेऊ. ऊठ."

फोटोग्राफर गर्दीवर उखडला. "लाज नाही वाटत? एवढी माणसं, आणि सोडवायला एकही जाऊ नये?"

"आम्हाला शूटिंग वाटलं, साहेब," बर्फवाल्याचा चेहरा पांढरा पडला होता. "आणि तुम्हीच तर हात आडवा केलात. आजीला."

"मी?"

त्याने कॅमेऱ्याच्या पडद्यावर शेवटचा फोटो उघडून पाहिला. हवेत वल्हं, खाली वर बघणारा धाकटा. आणि डाव्या कडेला, धूसर, पसरलेली चार बोटं. एका बोटात त्याची स्वतःचीच अंगठी होती.