वळणापर्यंत

सिस्टरने एक पाय खाली टेकवला आणि सायकलची घंटी मुठीत घट्ट धरली, चुकूनही वाजू नये म्हणून.

लाकडाच्या वखारीचे फाटक पुढे वीस पावलांवर होते. फाटकासमोरच्या भुशाच्या ढिगावर चार कुत्री उन्हात पसरली होती. त्यातल्या फाटक्या कानाच्या कुत्र्याने आधी मान उचलली, मग तो सावकाश उठला, अंग झटकले, आणि त्याच्यामागे बाकीची तीन उठली. वखारवाला गाशा गुंडाळून गेला, त्याचा राखणदारही गेला. कुत्र्यांना मात्र कोणी काही सांगितले नव्हते, त्यामुळे ती अजून राखण करत होती.

अशा वेळी काय करायचे ते सिस्टरइतके कोणालाच पाठ नव्हते. सायकलवरून उतरायचे. सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरायची. पळायचे नाही, ओरडायचे नाही, त्याच्या डोळ्यांत बघायचे नाही, सावकाश चालत राहायचे. दवाखान्यात दर तीन महिन्यांनी ती हे सगळे लोकांना समजावून सांगे, आणि चावलाच तर पंधरा मिनिटे साबणाने जखम धुवा, हेही सांगे. लोक माना डोलवत. चार महिन्यांपूर्वी याच वळणावर फाटक्या कानाने तिच्या पोटरीचा लचका तोडला तेव्हा मात्र ती यातले सगळे विसरली होती आणि जीव मुठीत धरून पायडल मारत सुटली होती. इंजेक्शने झाली, जखम भरली, आणि मागच्या आठवड्यात निघून जाईपर्यंत राखणदार ती आली की कुत्री धरून ठेवी. पोटरी तेवढी तिचे ऐकेनाशी झाली. वखार दिसली की ती आपली थरथरू लागे.

आताही थरथरत होती. फाटका कान गुरगुरत दोन पावले पुढे आला. सिस्टरने त्याच्या पलीकडे पाहिले. गल्ली सरळ पूर्वेला जात होती आणि ऊन थेट डोळ्यांवर येत होते. खूप लांब, भिंतीला धरून, राखाडी कोटातले कोणीतरी उभे होते. हातात काठीसारखे काहीतरी होते. असेल कोणी म्हातारा, कुत्री शांत व्हायची वाट बघणारा. बिचारा तो तरी काय करणार, असे मनाशी म्हणत तिने सायकल वळवली.

मागे पुलाचा बुटका कठडा होता. तिथे बसून तिने पिशवीतून नोंदवही काढली. वेळ लिहिली, दहा वाजून पाच मिनिटे. पुढे लिहिले, 'दार बंद. हाक मारली, उत्तर नाही.' शुक्रवारी हे लिहिताना अक्षर वाकडेतिकडे झाले होते. सोमवारी बरे आले. आज बुधवारी तर शाळेतल्या शुद्धलेखनासारखे वळणदार उतरले, आणि त्याचीच तिला किळस आली.

वखारीपासून दोनशे पावलांवर शिवणवाल्या काकूंचे घर होते. काकू एकट्या राहत. पन्नास वर्षे पायाच्या मशीनवर त्यांनी साऱ्या वस्तीचे कपडे शिवले होते. आता साखरेने दोन्ही पाय बधिर झाले होते आणि उजव्या तळव्याला रुपयाएवढी जखम होती. रविवार सोडून एक दिवसाआड ती धुवायची, कोरडी करायची, नवे बँडेज बांधायचे. पाय जमिनीला टेकवायचा नाही, एवढे पथ्य. दोन महिन्यांच्या कष्टाने जखम अर्ध्यावर आली होती. मुलगा परदेशात होता. त्याचा फोन रविवारी येई, म्हणून काकू फोन रविवारीच जवळ घेत. इतर दिवशी तो दोऱ्यांच्या डब्यात पडलेला असे. सिस्टरने तिन्ही वेळा तो लावून पाहिला होता, आणि कोणी उचलला नाही तेव्हा तिला आतून बरेच वाटले होते.

दुपारी हेड सिस्टरने तिला बोलावले. या बाईंना सगळा दवाखाना पाठीमागे तोफ म्हणायचा.

"तीन झाले," नोंदवहीवर बोट ठेवून तोफ म्हणाली. "शुक्रवार, सोमवार, बुधवार. तीनदा लागोपाठ दार बंद म्हणजे मला स्वतः जायला लागतं. माहीत आहे ना?"

"हो."

"पायाला भोक पडलंय आणि ही बाई हिंडते कुठे?"

सांगून टाकावे असे सिस्टरच्या ओठांवर आले होते. पण पोटरी सोलली गेली तेव्हाही तिने हा भाग बदलून मागितला होता. "अगं, तुलाच तर आपण कुत्र्यांवर बोलायला उभं करतो!" असे तोफ म्हणाली होती आणि सगळ्या खोखो हसल्या होत्या. तीही हसली होती. शिवाय गेल्या वर्षी एका वॉर्डातल्या मुलीने ताप न बघताच तक्त्यात आकडे भरले, तर आठवड्यात तिला घरी बसवले होते. इथे तर तीन खोट्या नोंदी होत्या, स्वतःच्या सहीच्या.

"उद्या दहाला," तोफ म्हणाली. "गाडीने जाऊ."

गाडीच्या काचेतून कुत्री अगदीच किरकोळ दिसली. फाटका कान चाकाबरोबर थोडा धावला, भुंकला आणि कंटाळून परत फिरला. सिस्टरच्या मांडीवर ड्रेसिंगचा डबा होता आणि त्याचे झाकण आपोआप वाजत होते. काकू एकच वाक्य बोलणार होत्या. मी तर घरीच होते, कोणी आलंच नाही. ते वाक्य तिने रात्रभर त्यांच्याच आवाजात ऐकले होते.

काकूंच्या दारासमोर, रस्त्याच्या पलीकडे, घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचे दुकान होते. डोळ्याला भिंग लावलेला तो माणूस गाडी बघून बाहेर आला.

"काकू आहेत का घरात?" तोफेने विचारले.

"आज आहेत. सकाळपासून दारच उघडं टाकलंय. उठल्यासारख्या वाटत नाहीत."

"म्हणजे एरवी नसतात?"

"आता असं बघा," घड्याळवाला म्हणाला, "शुक्रवारी दहा वाजून चार मिनिटांनी कुलूप. सोमवारी दहाला दोन मिनिटं कमी असताना. काल तर पावणेदहालाच. माझ्यासमोर वीस घड्याळं चालू असतात बाई, चूक व्हायची नाही."

तोफेने सिस्टरकडे पाहिले आणि मान हलवली, तुझे बरोबर होते अशा अर्थाने. सिस्टरच्या खांद्यांवरचे ओझे उतरले. दार खरेच बंद होते! ती मनाने केव्हाच देवाच्या पाया पडून मोकळी झाली होती. खोटे लिहिले होते आणि ते खरे निघाले होते. असे कोणाच्या नशिबी येते?

"काय थाट होता पण," घड्याळवाला हसत पुढे म्हणाला. "अंगात नवऱ्याचा तो जाडजूड राखाडी कोट, हातात कापड मोजायचा गज. मी म्हटलं, काकू, कुठल्या मोहिमेवर? तर म्हणाल्या, तू तुझे काटे फिरव."

सिस्टर जागच्या जागी उभी राहिली. तोफ आत गेली तरी तिचा पाय उचलेना.

खोलीत शिरताच वास आला. सडलेल्या जखमेचा असा वास तिने वॉर्डात घेतला होता, आणि तो आल्यावर पाय वाचेल का असे डॉक्टरांना कोणी विचारत नसे. काकू खाटेवर आडव्या होत्या. चेहरा तापाने लाल झाला होता. दाराच्या मागच्या खुंटीला राखाडी कोट टांगला होता आणि त्याच्या एका बाहीच्या चिंध्या झाल्या होत्या. खाली कोपऱ्यात लाकडी गज उभा होता.

"कुठे जात होता हो काकू?" तोफेने कमरेवर हात ठेवले. "आमची सिस्टर तीनदा हेलपाटा घालून गेली. उन्हातान्हात सायकल मारत येते ती. पाय टेकवायचा नाही म्हणून किती वेळा सांगितलं होतं?"

काकूंनी सिस्टरकडे पाहिले. फार वेळ नाही, सुईत दोरा ओवायला लागतो तेवढाच.

"पाय मोकळे करायला गेले होते," त्या म्हणाल्या. "घरात बसून जीव विटतो. चुकलंच माझं."

"चुकलंच! आता निस्तरा."

सिस्टरने खाली बसून बँडेज सोडायला घेतले. तिनेच मागच्या बुधवारी बांधलेले, गाठ तिचीच होती. वरचे पदर काळेमिट्ट झाले होते. आतले पदर जखमेला चिकटले होते. ते भिजवून सुटे केले तेव्हा त्यातून भुसा निघाला. लाकडाचा भुसा, पिवळसर, ओला. जखमेच्या मधोमध करंगळीच्या पेराएवढी एक लाकडाची कपची घुसलेली होती. बाजूचे मांस काळे पडले होते आणि तो काळा रंग वर घोट्याकडे निघाला होता. साऱ्या गल्लीत भुसा फक्त एकाच ठिकाणी होता.

तोफेने वाकून पाहिले आणि तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"मी गाडी मागवते मोठ्या इस्पितळाची." फोन घेऊन ती बाहेर गेली.

खोलीत दोघीच उरल्या. सिस्टरने चिमटा हातात धरला होता, पण तो कपचीपर्यंत जाईना.

"दुखत नाही गं," काकू म्हणाल्या. "ओढ खुशाल. दुखलं असतं तर मी तरी गेले असते का?"

"काकू, मी..."

"हळू. त्या बाहेरच आहेत."

"तुम्ही वळणावर गेला होता."

"खिडकीतून वळण दिसतं. तू उतरतेस, थांबतेस, ते दिसतं." काकूंनी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. "शुक्रवारी बघितलं आणि म्हटलं, पोरीचा पाय एकदा फोडलाय त्यांनी, आता कशी येणार ती? आपण जाऊन हुसकावून ठेवू, म्हणजे वाट मोकळी मिळेल. पण मी पोचेपर्यंत तू गेलेली असायचीस. म्हणून काल लवकर निघाले. पण काल हा पाय काही उचलेचना. भिंतीशी थांबावं लागलं. मी गज हलवला तुला. तुला दिसलं नसेल, ऊन होतं."

"दिसलं," सिस्टर म्हणाली.

काकूंनी मान वळवून भिंतीकडे पाहिले. थोड्या वेळाने त्यांनीच हात पुढे केला आणि सिस्टरच्या डोक्यावर ठेवला. हात भट्टीसारखा तापला होता. सिस्टरला हुंदका आला तो तिने दातांत धरून गिळला, कारण तोफ उंबऱ्यात उभी होती.

"बरोबर द्यायची चिठ्ठी लिही," तोफ म्हणाली. "रुग्ण लागोपाठ तीन भेटींच्या वेळी घरी नव्हता. पथ्य पाळले नाही. सही कर."

सिस्टरने लिहिले. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. खाली तिने सही केली.

स्ट्रेचर उचलताना काकू एवढेच म्हणाल्या, "कुलूप लाव गं, आणि किल्ली समोर दे."

शनिवारी इस्पितळातून फोन आला. घोट्याच्या वरून पाय काढला होता. ताप अजून उतरला नव्हता. तिथला कागद येईपर्यंत काकूंचे नाव यादीतून निघणार नव्हते, तसा नियमच होता. सोमवारची यादी हातात देताना तोफ म्हणाली, "तिथे काही जायला नको. इथेच बसून लिहून टाक."

"हो," सिस्टर म्हणाली आणि सायकल काढली.

वळणावर ती उतरली. पोटरी थरथरू लागली, तशी तिला थरथरू दिली. सायकल मध्ये धरून ती चालायला लागली. चारही कुत्री धावून आली. फाटका कान चाकापर्यंत आला, दात काढून भुंकला, त्याची लाळ तिच्या बुटावर उडाली. ती चालत राहिली. भुसा संपला, फाटक मागे पडले. आणखी दहा-बारा पावले तो मागे आला आणि मग थांबला. त्याची हद्द तिथे संपत होती. तिने घड्याळात पाहिले. सगळे मिळून दीड मिनिट लागले होते.

दोनशे पावले चालून ती काकूंच्या दाराशी आली. कुलूप होते. घड्याळवाल्याने भिंग वर करून पाहिले आणि काही न बोलता पुन्हा खाली घातले. सिस्टरने कडी वाजवली.

"काकू," तिने हाक मारली.

ती थांबली. पुन्हा एकदा हाक मारली, जरा मोठ्याने. मग पायरीवर बसून तिने नोंदवही उघडली आणि वेळ लिहिली, दहा वाजून सात मिनिटे. अक्षर वाकडेतिकडे येत होते. 'दार बंद,' तिने लिहिले. 'हाक मारली, उत्तर नाही.'